आधी आई बघा, मग कागद, मग पैसे: जातिवंत पिल्लू घेताना, आणि फसवणूक झाली तर

आमचा लाडू घरी नऊ दिवस होता. लॅब्रॅडॉरचं पिल्लू, फिकट पिवळ्या रंगाचं. नाव माझ्या मुलीनं ठेवलेलं. दुसऱ्या रात्री त्यानं खाणं सोडलं, तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, चौथ्या दिवशी रक्ताची हगवण. पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांना होणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार. नवव्या दिवशी पहाटे दवाखान्यातच तो गेला.

ज्याच्याकडून घेतला त्याला फोन केला, तर उत्तर आलं, "मॅडम, माझ्याकडून नेला तेव्हा ठणठणीत होता." ओळखीच्या एका वकीलताईंकडे गेले. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "पावती आहे?" नव्हती. बावीस हजारांपैकी पाच हजार यूपीआयनं दिले होते आणि सतरा हजार रोख. पुढे ग्राहक आयोगासमोर त्या गृहस्थानं लिहून दिलं की आपल्याला पाचच हजार मिळाले.

नंतरच्या चौदा महिन्यांत जे कळलं ते इथे क्रमानं लिहिते आहे. अजून पिल्लू घेतलं नसेल तर पहिल्यापासून वाचा, कारण यातली बहुतेक भांडणं पिल्लू घरी येण्याआधीच जिंकलेली किंवा हरलेली असतात. पिल्लू आत्ता आजारी असेल तर थेट सातव्या पायरीवर जा.

१. कुठली जात, आणि कशासाठी

इथे फार वेळ घालवत नाही. "गावठी पाळा, विकत कशाला घेता" असं तुम्हाला घरात दहा जणांनी सांगितलंच असेल. त्यांचं म्हणणं खरं आहे, पण तुम्ही ठरवलं असेल तर निदान डोळसपणे ठरवा. सायबेरियन हस्की नागपूर-जळगावच्या उन्हाळ्यासाठी जन्मलेलं कुत्रं नाही. पग आणि बुलडॉग यांचं नाक माणसानं पैदास करून इतकं चपटं केलं आहे की अनेकांना श्वास घेण्याचा त्रास जन्मभर पुरतो. लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो.

जातिवंतच हवं असेल तर आपल्या मातीतली कारवान आणि पश्मी ही कुत्रीही जातिवंतच आहेत. लातूर, सोलापूरपासून पलीकडे बागलकोटपर्यंत शेतकरी ती पिढ्यान्‌पिढ्या पाळत आले आहेत. मुधोळ हाउंड म्हणतात ते हेच कारवान घराणं. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात मुधोळ होतं. पण हे कुत्रं धावण्यासाठी घडलेलं आहे. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दिवसभर बांधून ठेवायचं असेल तर ते घेऊ नका.

२. विकणारा कोण आहे ते तपासा

२०१७ साली केंद्र सरकारनं कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी नियम केले. ते प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० खाली येतात. विक्रीसाठी पैदास करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलीच पाहिजे. मधले दलाल आणि व्यापारीही ब्रीडरच्या व्याख्येत धरले आहेत, त्यामुळे "मी फक्त मध्यस्थ आहे हो" हे म्हणणं टिकत नाही. तुमच्या उपयोगाचे नियम एवढे:

- आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही.
- विकलेल्या पिल्लाला मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळख-क्रमांकाची चिप) आणि वयानुसार लसी दिलेल्या असल्या पाहिजेत.
- कुत्री दीड वर्षाची झाल्याशिवाय आणि आठ वर्षांनंतर तिच्यापासून पैदास करायची नाही.
- वर्षाला एकच वेत, आणि जन्मात जास्तीत जास्त पाच.
- विक्रीची पावती द्यायची आणि नोंदी ठेवायच्या.

फोनवर पहिलाच प्रश्न विचारा: "तुमचा नोंदणी क्रमांक काय?" चांगला ब्रीडर लगेच सांगतो. दुसरा "केसीआयचा आहे ना!" म्हणतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. केसीआय म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया, १८९६ साली स्थापन झालेली आणि चेन्नईतून चालणारी खासगी संस्था. ती कुत्र्याच्या वंशावळीची नोंद ठेवते. विक्रीचा परवाना ती देत नाही, सरकारी मंडळ देतं.

क्रमांक खरा आहे का ते कळण्यासाठी जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयात लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. मी हा अर्ज लाडू गेल्यानंतर केला. "या नावाने नोंदणी आढळून येत नाही" ही एक ओळ आली आणि माझ्या फायलीतला सगळ्यात वजनदार कागद तोच ठरला. आधी केला असता तर लाडू घेतलाच नसता.

जाहिरातीतल्या शब्दांकडे नीट बघा. "हेवी बोन", "शो क्वालिटी", "पंच फेस", "टीकप" हे विक्रेत्यांचे शब्द आहेत. "डबल कोट लॅब, दोन हजार जास्त" असं मलाही सांगितलं होतं. लॅब्रॅडॉरच्या जातीच्या वर्णनातच दुहेरी केसांचा थर आहे. तो नसेल तर लॅबमध्येच गडबड आहे, मग त्याचे जास्तीचे पैसे कसले? पॉमेरेनियन म्हणून मिळणारी पांढरी पिल्लंही आपल्याकडे बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतात. गोड जात आहे, पण पॉमची किंमत मोजू नका. आणि "इम्पोर्टेड पपी" म्हणणाऱ्याला आयातीचे कागद मागा. व्यापारी पैदाशीसाठी कुत्री आयात करण्यावर २०१६ पासून केंद्राचे निर्बंध आहेत.

आणखी एक सापळा: "लष्करात आहे, बदली झाली, पिल्लू फुकट देतोय, फक्त ट्रान्सपोर्टचे पैसे पाठवा." तिथे पिल्लू नसतंच. पैसे गेले की विमा, मग पिंजरा, मग विमानतळावरची फी, अशी मागणी वाढत जाते.

३. पिल्लाच्या आईला भेटा

ही पायरी गाळलीत तर बाकी सगळं व्यर्थ आहे, असं मी जबाबदारीनं म्हणते.

मला आई दाखवली नाही. "ती फार्मवर आहे, अनोळखी माणसांवर धावून येते," असं सांगितलं. शहरातून अर्ध्या तासावर एका शेडच्या बाहेर मला उभं केलं आणि एका टोपलीत तीन पिल्लं आणून समोर ठेवली. मुलगी टोपलीपाशी बसली आणि माझे सगळे प्रश्न तिथंच विरघळले. विकणाऱ्याला हे माहीत असतं. म्हणून पहिल्या भेटीला मुलांना नेऊ नका आणि खिशात पैसे ठेवू नका.

आईला तिच्या पिल्लांसोबत, ती राहते त्या जागेत बघायचं. दोन महिन्यांच्या पिल्लांची आई दिसायलाच वेगळी असते. सड ओघळलेले असतात, अंगावरचे केस झडलेले असतात, पिल्लं तिच्याकडे झेपावतात आणि ती त्यांना झटकते. दुसरीच कुठलीतरी गुटगुटीत कुत्री आणून "हीच आई" म्हणून दाखवतात. पिल्लं तिच्या सडांकडे ढुंकूनही बघत नसतील तर ती आई नाही.

मग विचारा: हिचं वय काय? हे कितवं वेत? आधीचं वेत कधी झालं? कुत्री साधारण त्रेसष्ट दिवसांत विते आणि वर्षातून बहुधा दोनदा माजावर येते, त्यामुळे हावरा माणूस वर्षाला दोन वेतं काढू शकतो. "मागची पिल्लं दिवाळीत गेली" आणि "ही होळीला झाली" अशी वाक्यं बोलण्याच्या ओघात निसटतात. मनात महिने मोजत राहा.

जागेचा वास घ्या. एका ठिकाणी एकाच वेळी लॅब, पग, शिह त्झू, रॉटवायलर अशी पाच जातींची पिल्लं असतील तर तो ब्रीडर नाही, व्यापारी आहे. वेगवेगळ्या ठिकाणची पिल्लं एकत्र आली की आजारही एकत्र येतात. "तुम्ही कशाला येता, हायवेवर पंपाजवळ आणून देतो" म्हणणाऱ्याकडून तर घेऊच नका.

पिल्लाचं वय दातांवरून कळतं. दुधाचे दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून येऊ लागतात आणि आठ आठवड्यांच्या सुमाराला अठ्ठावीसच्या अठ्ठावीस बहुधा आलेले असतात. लाडू "पंचावन्न दिवसांचा" म्हणून दिला होता. आमच्या डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं आणि पाच-साडेपाच आठवडे सांगितलं. लवकर विकण्यात विकणाऱ्याचा दुहेरी फायदा असतो: खाण्याचा आणि लसीचा खर्च वाचतो, आणि पिल्लू जितकं लहान तितकं गोंडस दिसतं. पिल्लाचं मात्र फार नुकसान होतं. भावंडांशी खेळताना चावा किती जोरात घ्यायचा हे ते या आठवड्यांतच शिकतं.

एक चांगली खूणही सांगते. खरा ब्रीडर तुम्हालाच प्रश्न विचारतो. घर स्वतःचं की भाड्याचं, दिवसा घरी कोण, आधी कुत्रं होतं का, त्याचं काय झालं. राग मानू नका.

४. तीन कागद, आणि ते वाचायचे कसे

*लसीचं कार्ड.* प्रत्येक डोसपुढे लसीच्या बाटलीवरचं स्टिकर हवं, त्यावर बॅच नंबर आणि मुदत. शेजारी तारीख, पशुवैद्याची सही आणि त्यांचा नोंदणी क्रमांक. आमच्या कार्डावर दोन स्टिकर होती, सही नव्हती. पहिल्या डोसची तारीख खऱ्या वयाशी ताडून पाहिली तर तेव्हा लाडू जेमतेम तीन आठवड्यांचा होता. पहिली लस साधारण सहा ते आठ आठवड्यांत देतात, पुढे दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे होईपर्यंत. कारण आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीला लसीलाच अडवते, आणि ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं असतं. त्यामुळे "दोन इंजेक्शनं झालीत, आता काळजी नको" हे चूक आहे. रेबीजची लस तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला असते, म्हणून दीड महिन्याच्या पिल्लाच्या कार्डावर रेबीजचं स्टिकर दिसलं तर ते कार्ड कुणी भरलं ते विचारा. कार्डावरच्या दवाखान्यात फोन लावून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. ही लस दोन ते आठ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी लागते. विकणाऱ्यानं शेडमध्ये स्वतःच टोचली असेल तर ती लागू पडली असेल याची खात्री नाही.

*केसीआयचा कागद.* बाजारात "विथ पेपर" आणि "विदाउट पेपर" असे दोन भाव चालतात. "पेपर नंतर येतील, तीन महिने लागतात" हे सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य. निदान आई-बापांचे कागद आत्ता दाखवा म्हणा. त्यावरचा मायक्रोचिप क्रमांक आणि समोरच्या आईच्या मानेतला क्रमांक जुळला पाहिजे. पूर्वजांच्या रकान्यांत तेच नाव पुन्हापुन्हा येत असेल तर जवळच्या नात्यात पैदास झाली आहे. आणि पिल्लाची मालकी तुमच्या नावावर करायला विकणाऱ्याची सही लागते. ती पैसे देतानाच घ्या, नंतर फोन उचलले जात नाहीत. एक मात्र लक्षात ठेवा: वंशावळीचा कागद पिल्लू निरोगी असल्याचा दाखला नाही.

*मायक्रोचिप.* पंधरा आकडी क्रमांक, दोन खांद्यांच्या मधे कातडीखाली. यंत्र फिरवून क्रमांक तुमच्यासमोर दाखवायला सांगा आणि त्याचा व्हिडिओ घ्या. हेच पिल्लू यांनी विकलं हे नंतर सिद्ध करायला याहून सोपा पुरावा नाही.

५. पैसे देताना

सगळे पैसे बँकेतून किंवा यूपीआयनं द्या. "कॅश दिलीत तर दोन हजार कमी करतो" या वाक्यानं माझे सतरा हजार गेले. यूपीआयच्या शेऱ्यात "लॅब पिल्लू, पूर्ण किंमत" असं लिहा.

साध्या कागदावर पुढचा मजकूर लिहून दोघांच्या सह्या घ्या:

"मी (नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक) दिनांक … रोजी जन्मलेलं … जातीचं नर/मादी पिल्लू, मायक्रोचिप क्र. …, श्री./श्रीमती … यांना आज दिनांक … रोजी रु. … ला विकलं. संपूर्ण रक्कम मिळाली. आजपासून ७२ तासांत पशुवैद्यानं पिल्लू आजारी असल्याचं लेखी दिल्यास, किंवा १४ दिवसांत पार्व्हो अथवा डिस्टेंपर झाल्यास, उपचारांचा खर्च अथवा पूर्ण किंमत परत देईन. एक वर्षाच्या आत जन्मजात दोष आढळल्यास त्याची जबाबदारी माझी राहील."

सही करायला नकार मिळाला तर तिथून उठा. हे अवघड आहे हे मला माहीत आहे, पिल्लू एव्हाना तुमच्या मांडीवर असतं. तरी उठा.

६. पहिले अठ्ठेचाळीस तास

घरी जाण्याआधी वाटेत पशुवैद्याकडे. विकणाऱ्यानं सुचवलेल्या नव्हे, तुमच्या. केस पेपरवर तारीख, वजन, दातांवरून अंदाजे वय, तापमान, शी तपासणी एवढं लिहून घ्या. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर किंवा सोसायटीच्या बागेत उतरवू नका. त्याच्या तब्येतीसाठी तर हे हवंच, शिवाय नंतर "तुमच्याकडेच लागण झाली" असं म्हणायला जागा उरत नाही.

७. पिल्लू आजारी पडलं तर

आधी उपचार. पार्व्होच्या पिल्लाला तासातासाला पाणी कमी पडत जातं, सलाइन लवकर लागलं तर पुष्कळ वाचतात. "एक दिवस बघू" म्हणू नका आणि विकणाऱ्यानं फोनवर सांगितलेली औषधं देऊ नका.

डॉक्टरांना तीन गोष्टी लेखी मागा: पहिलं लक्षण कधी दिसलं, कोणती चाचणी केली आणि निष्कर्ष काय. पार्व्होची झटपट चाचणी दवाखान्यातच होते, त्या पट्टीचा फोटो तारखेसह ठेवा. पहिल्या लक्षणाची तारीख फार मोलाची आहे. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुधा तीन ते सात दिवस जातात. लाडूनं दुसऱ्या रात्री खाणं सोडलं, म्हणजे आजार तो घेऊनच आला होता. ही तारीख केस पेपरवर नसती तर माझ्याकडे बोलायला काहीच नव्हतं.

पिल्लू गेलं तर त्या क्षणी कुणालाच सुचत नाही, तरी सांगते: शवविच्छेदन करून घ्या. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तुमच्या डॉक्टरांना आधी तिथे फोन करायला सांगा. देह बर्फात गार ठेवा, पण फ्रीझरमध्ये गोठवू नका, गोठल्यावर तपासणी नीट होत नाही. मी हे केलं नाही. लाडूला आम्ही त्याच सकाळी पुरलं.

त्याच वेतातली बाकीची पिल्लं कुणी घेतली ते शोधा. माझ्या बाबतीत त्याच जाहिरातीखाली प्रश्न विचारणाऱ्यांपैकी दोन कुटुंबं सापडली. दोघांचीही पिल्लं त्याच आठवड्यात पार्व्होनं गेली होती. त्यांची प्रतिज्ञापत्रं जोडल्यावर समोरच्याचा सूर बदलला.

८. विकणाऱ्याशी बोलणं

फोनवर भांडू नका, लिहून बोला. "दि. … रोजी तुमच्याकडून रु. … ला घेतलेलं पिल्लू …" असा संदेश पाठवा. उत्तरात त्यानं किंमत नाकारली नाही तर तोही पुरावा. संदेश पुसू नका आणि फोन बदलू नका.

"दुसरं पिल्लू घेऊन जा" असा प्रस्ताव हमखास येतो. त्याच शेडमधलं पिल्लू, विषाणूनं भरलेल्या तुमच्या घरात. घेऊ नका. "यापुढे काही तक्रार नाही" अशा ओळीवर सहीही करू नका.

त्याचं नाव आणि फोटो टाकून समाजमाध्यमांवर लिहायची इच्छा होईल. आमच्यातल्या एका कुटुंबानं ते केलं आणि उलट त्यांनाच अब्रुनुकसानीची नोटीस आली. तीन महिने त्यात गेले.

मग लेखी नोटीस: काय घेतलं, काय सांगितलं होतं, काय निघालं, किती रुपये हवेत, पंधरा दिवसांची मुदत. स्पीड पोस्टनं पाठवा आणि पोच जपून ठेवा. वकिलाचीच नोटीस हवी असं नाही.

९. ग्राहक आयोगात तक्रार

"पिल्लू काय वस्तू आहे?" असं मला दोघा-तिघांनी विचारलं. मलाही ते बोचलं. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये कुठलीही जंगम मालमत्ता म्हणजे वस्तू, आणि या व्याख्येमुळेच आपल्याला दाद मागता येते. त्याच कायद्यात पावती न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा, आणि पावतीत मुदत नसेल तर ती तीस दिवसांची धरतात. म्हणजे पावती नसणं हा तुमचा कच्चा दुवा असला, तरी ती त्याचीही चूक आहे. तक्रारीत हे ठळक लिहा.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. कधीकधी तिथेच मिटतं. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. लक्षात ठेवायच्या गोष्टी:

- तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विकणारा परराज्यातला असला तरी.
- घटनेपासून दोन वर्षांच्या आत.
- दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी नाही.
- वकील सक्तीचा नाही, स्वतः मांडता येतं. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येतं.

फायलीत लावायचे कागद: तक्रार आणि प्रतिज्ञापत्र, तारीखवार घटनाक्रम (एका पानात, याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो), जाहिरातीचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सअॅपचं संपूर्ण संभाषण, निवडक नव्हे, बँकेचा उतारा, लसीचं कार्ड, केस पेपर, चाचण्या, बिलं, डॉक्टरांचं लेखी मत, नोंदणी नसल्याचं माहिती अधिकारातलं उत्तर, नोटीस आणि तिची पोच. मोबाइलमधल्या पुराव्यांसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडायचं राहून जातं. माझंही राहिलं आणि एक तारीख वाया गेली.

समोरून दोन युक्तिवाद येतात. पहिला, "मी व्यापारी नाही, घरची कुत्री व्याली, हौसेनं दिली." म्हणून त्याच्या जुन्या जाहिराती, आधीच्या वेतांचे फोटो जमवा. दुसरा, "यांनी पैदाशीसाठी घेतलं होतं." धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायद्याचं संरक्षण सहसा नाही. तेव्हा गप्पांच्या ओघात "मोठी झाली की पिल्लं काढू" असं त्याला कधी लिहू नका.

कायद्यात निकालाची मुदत तीन महिने, तपासणी लागली तर पाच. माझी तक्रार चौदा महिने चालली आणि शेवटी आयोगाच्या मध्यस्थीत मिटली. उपचारांचे अठरा हजार चारशे आणि यूपीआयचे पाच हजार मिळाले. रोख सतरा हजार मिळाले नाहीत.

१०. बाकीचे दरवाजे

नोंदणी नसताना पैदास, आठ आठवड्यांखालची विक्री, कुत्र्यांचे हाल: याची तक्रार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे आणि जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयाकडे. राज्याचं पशुसंवर्धन आयुक्तालय पुण्यात औंधला आहे. आवक शिक्का मारलेली प्रत घ्या. १९६० च्या कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये आहे, म्हणून केवळ त्यावर विसंबू नका. पण पाहणी झाली, तर शेडमध्ये मागे राहिलेल्या आयांसाठी काहीतरी होऊ शकतं. माझ्या मनात अजून त्या न दाखवलेल्या आईचा विचार येतो.

खोटे कागद दिले असतील तर केसीआयला लिहा. जाणूनबुजून फसवणूक असेल तर पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली लेखी तक्रार द्या. "हे दिवाणी आहे" असं सांगितलं तरी अर्ज देऊन पोच घ्या. ऑनलाइन पैसे पाठवले आणि पिल्लू आलंच नाही, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. तास जातात तसे पैसे दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात सरकत जातात.

११. पुन्हा पिल्लू आणण्याआधी

पार्व्होचा विषाणू फरशीच्या भेगांत, अंगणातल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतो, सावलीत ओलावा असेल तर वर्षभरही. फिनाइलवर भरवसा ठेवू नका. आधी साबणानं सगळं धुऊन काढा, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी असं द्रावण दहा मिनिटं ओलं राहू द्या. भांडी, पट्टा, अंथरूण, पिंजरा टाकून द्या. कुणाला देऊही नका. आम्ही लाडूची गादी जाळली, त्याचा लाल पट्टा मुलीनं मागून घेतला. तो ब्लीचच्या पाण्यात धुऊन तिच्या कपाटात ठेवला आहे. अंगण धुता येत नाही, म्हणून आम्ही पूर्ण वर्ष थांबलो. तुम्हाला तितकं थांबणं शक्य नसेल तर सगळ्या लसी झालेलं मोठं कुत्रं आणा.